सायलेन्सर फुटतो तेव्हा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शिक्षक कार्यशाळेसाठी आम्ही चौघे चिपळूणहून कराडकडे निघालो होतो. गाडी आमच्यापैकीच एकाची. जुनी, पेट्रोलवर चालणारी. कुंभार्ली घाट निम्मा चढून झाला आणि एका खड्ड्यात चाक आदळले. त्याच क्षणी गाडीचा आवाज बदलला. बदलला म्हणजे इतका, की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत होते. इंजिन मात्र व्यवस्थित ओढत होते. ‘सायलेन्सर फुटला, दुसरे काही नाही’ असे आम्ही ठरवले, आवाज सहन होईना म्हणून काचा वर केल्या आणि पुढे निघालो. घाटमाथा गाठेपर्यंत मागे बसलेल्या दोघांचे डोके दुखू लागले. घाटातली वळणे बाधली असतील, असे वाटले.

पलीकडच्या गावात रस्त्याकडेला एक छोटे गॅरेज दिसले. गाडी थांबते न थांबते तोच तिथल्या मिस्त्रींनी हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावले. आवाजाविषयी ते काहीच बोलले नाहीत. “सर, आधी सगळे खाली उतरा. घाटातून काचा लावून आलात काय? कुणाचं डोकं बिकं दुखतंय का?” असे त्यांनी विचारले.

आमच्यापैकी दोघे विज्ञानाचे शिक्षक. कार्बन मोनॉक्साईडचा धडा आम्ही दर वर्षी शिकवतो. तरीही गाडीचा आवाज आणि मागच्यांची डोकेदुखी यांचा संबंध आम्हाला जोडता आला नव्हता. सायलेन्सरचे काम आवाज कमी करणे, एवढेच आमच्या मनात पक्के बसले होते. नावातच ते आहे ना!

पुढे आम्ही या नळीचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. गाडीच्या पोटाखाली इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत जी नळी जाते, तिचा प्रत्येक भाग कोणत्या तरी वेगळ्या अडचणीवरचा उपाय म्हणून आलेला आहे. एक अडचण आवाजाची, दुसरी विषाची, तिसरी धुरक्याची, चौथी गंजाची. हा क्रम माहीत असला, तर नळी कुठे फुटली आहे आणि त्याने काय बिघडणार आहे, हे ओळखणे सोपे जाते. तो इतिहास येथे सांगत आहोत.

स्फोटांची माळ

वाफेचे इंजिन मोटारीच्या इंजिनापेक्षा शांत असते, कारण त्यात वाफ बाहेरच्या बाष्पकात तयार होते आणि दट्ट्याला ढकलत राहते. अंतर्ज्वलन इंजिनात मात्र जाळ सिलिंडरच्या आतच होतो. फ्रान्समध्ये एतियेन लेन्वार यांनी १८६० साली गॅसवर चालणारे इंजिन केले. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले. हवा व इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे, या त्या चार फेऱ्या. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिचे इंजिनही याच पद्धतीचे होते.

आवाजाचे मूळ चौथ्या फेरीत आहे. बाहेरची झडप उघडते, तेव्हा सिलिंडरमधला वायू अतिशय तप्त असतो आणि त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या काही पट असतो. दार उघडताच तो एकदम बाहेर झेपावतो. फुगा टाचणीने फोडला की जे होते, तेच इथे होते. आता हिशेब करून पाहू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा वायू सोडतो, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा. चार सिलिंडर मिळून ६००० वेळा, म्हणजेच सेकंदाला १०० वेळा. सेकंदाला शंभर फुगे फुटत आहेत, अशी कल्पना करा. आपल्याला ते सुटे ऐकू येत नाहीत; त्यांचा मिळून एक खर्जातला गडगडाट होतो.

रीव्ह्ज बंधूंचा डबा

सुरुवातीच्या मोटारी ज्या रस्त्यांवर आल्या, ते रस्ते घोडागाड्यांचे होते. घोडे बुजत, लोक चिडत. अमेरिकेत इंडियाना राज्यातील कोलंबस गावी मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज हे दोघे भाऊ कप्प्या बनवण्याचा कारखाना चालवत. मिल्टनला मोटारींचा नाद होता. या दोघांना ११ मे १८९७ रोजी इंजिनाच्या धुराड्यावर बसवायच्या आवाजशामकाचे पेटंट मिळाले. मोटारीच्या सायलेन्सरच्या इतिहासात हे पेटंट आरंभीचे मानले जाते. (याच मिल्टनने पुढे १९११ मध्ये आठ चाकांची मोटारही करून पाहिली. ती काही चालली नाही. डबा मात्र टिकला.)

कल्पना साधी होती. इंजिनातून आलेला वायू थेट हवेत सोडायचा नाही. आधी त्याला एका मोठ्या डब्यात पसरू द्यायचे. तिथे त्याचा दाब उतरतो, झेप मंदावते आणि मग तो हळूहळू बाहेर पडतो. फुगा फोडण्याऐवजी त्याचे तोंड किंचित सैल करून हवा सोडावी, तसे हे.

पण यात एक अडचण होती. वायूच्या वाटेत जितके अडथळे, तितका तो बाहेर ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. इंजिनाचा घसाच आवळल्यासारखे होते आणि शक्ती घटते. म्हणून त्या काळच्या अनेक मोटारींना ‘कटआउट’ नावाची एक झडप असे. चालकाने पायाने किंवा दांडीने ती उघडली, की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर शक्ती मिळे आणि अर्थातच कानठळ्या बसवणारा आवाजही होई. काही चालक ती चढ नसतानाही उघडी ठेवत! अखेर अनेक शहरांनी कटआउटवर बंदी घातली. आजही काही तरुण मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवतात आणि पोलीस असे जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतात. शंभर वर्षांपूर्वीचेच भांडण ते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर बंधनकारक करतो.

बंदूक आणि मोटार

हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८० च्या दशकात स्वतःच्या धक्क्यावरच पुन्हा भरली जाणारी मशिनगन शोधली. तोफा-बंदुकांच्या सततच्या आवाजाने उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम (१८६९–१९३६) याने मात्र आवाज कमी करण्याचा धंदा पत्करला. तोही इंजिनिअर होता आणि आरंभीच्या मोटारींवर त्याने बरेच काम केले होते. बंदुकीच्या सायलेन्सरचे त्याचे पेटंट १९०९ सालचे. नळीतून सुटणाऱ्या वायूला भोवऱ्यासारखे फिरवत फिरवत मंद करायचे, हे त्यामागचे तत्त्व.

बंदुकीची नळी आणि इंजिनाचे धुराडे यांत भौतिकीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे दाबाखालचा तप्त वायू अचानक मोकळा होतो. मॅक्सिमच्या कंपनीचे बंदुकीचे सायलेन्सर पुढे बंद पडले आणि ती इंजिनांचे व कारखान्यांतील यंत्रांचे आवाज कमी करण्याकडे वळली.

लाटेवर लाट

आतापर्यंतचे सायलेन्सर बहुतेक ‘करून पाहा’ पद्धतीचे होते. डबा मोठा करून बघ, पडदे घालून बघ, भोके पाडून बघ. पण ध्वनी ही लाट आहे आणि लाटेला लाटेनेच शमवता येते, हे भौतिकशास्त्रज्ञांना त्याआधीपासून ठाऊक होते. जॉन हर्शेल यांनी १८३३ मध्ये सुचवले होते, की ध्वनीला दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणावे. एक वाट दुसरीपेक्षा अर्ध्या तरंगलांबीने लांब ठेवली, तर एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येईल आणि दोन्ही एकमेकींना खोडतील. जर्मनीत गेओर्ग क्विंके यांनी १८६६ मध्ये अशी नळी करून हा परिणाम दाखवला. आपण बारावीला ध्वनीच्या व्यतिकरणासाठी शिकवतो ती हीच नळी.

मग हीच नळी मोटारीला का बसवू नये? पुन्हा हिशेब करू. ध्वनीचा वेग साध्या हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पण धुराड्यातल्या तप्त वायूत तो ५०० मीटरच्या आसपास जातो. सेकंदाला १०० कंपने असतील, तर तरंगलांबी ५ मीटर. अर्धी तरंगलांबी अडीच मीटर. एवढी जादा नळी छोट्या गाडीखाली कुठे मावणार? शिवाय इंजिनाचे फेरे बदलले, की तरंगलांबीही बदलणार.

इथे हेर्मान हेल्महोल्ट्झ मदतीला येतात. त्यांचा ध्वनिसंवेदनांवरील प्रसिद्ध ग्रंथ १८६३ मध्ये निघाला. अरुंद मानेची बाटली ओठांशी धरून फुंकले, की तिचा एक ठरलेला सूर निघतो. मानेतली हवा गोळ्यासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. अशी ‘बाटली’ नळीच्या बाजूला जोडली, तर तिच्या सुराशी जुळणारा आवाज तिच्या मानेतली हवा जोराने हलवतो आणि उलटून मागे परततो. पुढे फारसा जात नाही. खर्जातला आवाज अडवायला ही युक्ती छोट्या जागेत बसते. अमेरिकेत ‘नासा’ची पूर्वसूरी असलेल्या ‘नाका’ या संस्थेने १९५४ साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ७७ आवाजशामकांची मोजमापे घेऊन ती गणिताशी ताडून पाहिली होती. त्यानंतर अंदाजाऐवजी आकडेमोडीने सायलेन्सर आखणे सुकर झाले.

आजचा सायलेन्सर कापून पाहिला, तर या साऱ्या कल्पना एकत्र नांदताना दिसतात. काही कप्पे वायूला पसरू देतात, काही लाटा उलट परतवतात, एखादा कप्पा हेल्महोल्ट्झची बाटली असतो आणि काही ठिकाणी भोकांच्या नळीभोवती तंतूंचा थर असतो. हा थर वरच्या पट्टीतला आवाज शोषून त्याची उष्णता करतो.

वास नसलेले विष

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे येऊ. पेट्रोलला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, की कार्बन डायऑक्साईडऐवजी काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. रक्त फिरत राहते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. फ्रान्सचे क्लोद बर्नार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या विषाचा रक्ताशी असलेला संबंध दाखवला. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात स्वतः हा वायू हुंगून परिणाम नोंदवले. कोळशाच्या खाणीतील स्फोटांनंतर मरणारे बहुसंख्य लोक स्फोटाने नव्हे, तर या वायूने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये सिद्ध केले. खाणीत उंदीर किंवा पक्षी सोबत न्यावेत, ही सूचना त्यांचीच. ब्रिटनच्या खाणींतील कॅनरी पक्ष्यांची जागा उपकरणांनी घ्यायची, असा निर्णय झाला तो थेट १९८६ मध्ये.

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न ठळक झाला तो बोगद्यांमुळे. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखालून जाणारा हॉलंड बोगदा १९२७ मध्ये खुला झाला. तो आखताना मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड किती आणि माणसाला किती सोसतो, यांचे प्रयोग करावे लागले. शेवटी हवा खेळती ठेवण्यासाठी तेथे ८४ पंखे बसवले गेले.

हवेच्या हजार भागांत एक-दोन भाग कार्बन मोनॉक्साईड असला, तरी काही तासांत जिवावर बेतू शकते. आणि जुन्या मोटारींच्या धुरात तो शंभरात दोन-तीन भागही असू शके. म्हणून धूर गाडीच्या पोटाखालून पार मागे नेऊन सोडणे महत्त्वाचे. नळी मध्येच फुटली, तर धूर बैठकीच्या खालीच सुटतो आणि तळाच्या फटींतून, दांड्यांच्या व तारांच्या भोकांतून आत शिरतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची पहिली लक्षणे. घाट लागला, की नेमके हेच होते. गोंधळ होतो तो इथेच.

मधाच्या पोळ्यासारखी वीट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरू लागले. कॅल्टेकमधील आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवले, की मोटारी व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे वायू आणि सूर्यप्रकाश मिळून ते तयार होते. फ्रान्समधून अमेरिकेत स्थायिक झालेले यूजीन हूड्री हे पेट्रोलियम शुद्धीकरणातील उत्प्रेरकांचे जाणकार. त्यांनी १९५० च्या दशकात मोटारीच्या धुरासाठी उत्प्रेरकी यंत्र तयार केले. पण पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे मिसळत आणि शिशाने उत्प्रेरक निकामी होई. हूड्री १९६२ मध्ये वारले. त्यांच्या कल्पनेला दिवस आले ते नंतर. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे १९७५ च्या बहुतेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करावे लागले.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेमिश्रित पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले.

कन्व्हर्टर म्हणजे धातूच्या आवरणात बसवलेली, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. कार्बन मोनॉक्साईडचा डायऑक्साईड, न जळलेल्या इंधनाचे पाणी व डायऑक्साईड आणि नायट्रोजनच्या ऑक्साईडांचा नायट्रोजन होतो. हे काम नीट व्हायला हवा व इंधन यांचे प्रमाण अचूक लागते. त्यासाठी नळीत ऑक्सिजन मोजणारा संवेदक बसवला जातो. व्होल्वो कंपनीने असा संवेदक १९७७ च्या मॉडेलच्या गाड्यांत कॅलिफोर्नियासाठी आणला.

म्हणजे नळी फुटली हे कळल्यावर लगेच विचारायचा प्रश्न असा : कन्व्हर्टरच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे फुटली, तर बाहेर पडणारा वायू बराचसा शुद्ध झालेला असतो. अलीकडे फुटली, तर कच्चे विष बाहेर येते. शिवाय आणखी एक घोटाळा होतो. वायू लाटांनी जात असल्याने प्रत्येक उसळीमागे नळीतील दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदकाला वाटते, ऑक्सिजन जास्त आहे. म्हणजे इंधन कमी पडते आहे. गाडीचा संगणक इंधन वाढवतो. परिणामी पेट्रोल जास्त जळते आणि मोनॉक्साईडही वाढतो.

आतून लागणारा गंज

सायलेन्सर बहुधा आतून गंजतो, आणि त्याचे कारण वर्गात सोडवता येण्याजोगे आहे. पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरू. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू असतात. समीकरण संतुलित केले, की ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी मिळते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळले, की एक लिटरहून किंचित जास्त पाणी तयार होते! गाडी लांब पल्ल्याची चालली, तर नळी तापून हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत मात्र ते सायलेन्सरच्या तळाशी साचते. त्यात धुरातील आम्ले विरघळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून डबा धडधाकट दिसतो, आतून कागदासारखा झालेला असतो. म्हणूनच एखाद्या खड्ड्यात तो ‘अचानक’ फुटतो.

हॅरी ब्रेअर्ली हे शेफील्डमधील धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादाचे प्रयोग करत होते. त्यातून १९१३ मध्ये न गंजणाऱ्या क्रोमियमयुक्त पोलादाचा शोध लागला. मोटारींच्या नळ्यांसाठी सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेले स्वस्त प्रकारचे पोलाद १९६० च्या दशकात आले. महागडा कन्व्हर्टर अनेक वर्षे टिकायचा, तर त्याच्या आजूबाजूची नळीही टिकली पाहिजे. म्हणून १९७५ नंतर त्याचा वापर वाढला.

आणखी एक भाग सांगायचा राहिला. १९५९ च्या ‘मिनी’ मोटारीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि पुढे छोट्या गाड्यांत हीच पद्धत रूढ झाली. आडवे इंजिन वेग घेताना पुढे-मागे डुलते. ताठ नळी अशाने तडकेल, म्हणून अनेक गाड्यांत पुढच्या भागात जाळीचे वेष्टन असलेली लवचीक नळी घालतात. आमच्या गाडीत फुटली होती ती हीच, आणि तीही कन्व्हर्टरच्या अलीकडे.

दोष कसा शोधायचा

मिस्त्रींनी गाडीखाली जाण्याआधी चार प्रश्न विचारले. आवाज पायांखालून येतो की मागून? थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? पाय दाबला की वाढतो का? सोबत काही आपटते का? वैद्याने नाडी पाहावी, तसेच होते ते. त्यामागचे तर्क असे :

सकाळी इंजिनाजवळ टकटक आणि गाडी तापल्यावर ती कमी, असे असेल तर इंजिन व नळी यांमधल्या मॅनिफोल्डचे पॅकिंग गेलेले असते. धातू तापून प्रसरण पावतो आणि फट मिटते. पायांखालून येणारा, वेग घेताना वाढणारा आवाज पुढच्या किंवा लवचीक नळीचा. मागून येणारा घुमणारा आवाज सायलेन्सरचा डबा फुटल्याचा. खडखड किंवा आपटणे म्हणजे नळी टांगणारे रबर तुटलेले, नाहीतर डब्यातले पडदे सुटलेले. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एकदम गर्जू लागली आणि खाली पाहिले तर नळीचा तुकडाच नाही, असेही होते. मौल्यवान धातूंसाठी कन्व्हर्टर कापून नेण्याचे प्रकार २०२० च्या आसपास अमेरिका व ब्रिटनमध्ये खूप वाढले होते.

तर्कानंतर तपासणी. गाडी उघड्या जागी उभी करून नळी पूर्ण थंड होऊ द्यायची. चालून आलेली नळी काहीशे अंश तापलेली असते. फट असते तिथे बहुधा काजळीचा काळा फराटा दिसतो. तो दिसला नाही, तर थंड इंजिन सुरू करून एकाने जाड हातमोजा घालून, बाजूला उभे राहून, मागच्या टोकाशी ओल्या चिंध्यांचा बोळा चार-पाच सेकंद धरायचा. कोंडलेला वायू फटीतून फुसफुसतो. संशयाच्या जागी साबणाचे पाणी लावले, तर बुडबुडे येतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जायचे नाही; भक्कम घोडे लावूनच जायचे.

दुरुस्ती

पॅकिंग गेले असेल, तर जोड साफ करून नवे पॅकिंग घालायचे आणि बोल्ट आळीपाळीने आवळायचे. एकच बाजू आवळली तर जोड वाकडा बसतो. जाड, चांगल्या पत्र्याला तडा गेला असेल, तर वेल्डिंग चालते. त्याआधी बॅटरी सोडवायची. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा उपयोग होत नाही, भोक मोठेच होते. तिथे चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडावा लागतो किंवा डबाच बदलावा लागतो. पत्र्याची पट्टी, क्लॅम्प, लांबी हे घरापर्यंत पोचायचे उपाय. तुटलेल्या रबराच्या जागी तार बांधली, तर नळीची थरथर अंगावर येते आणि तडा दुसरीकडे जातो.

आम्हीही “पट्टी मारून द्या, कराडला पोचू” असे म्हटले होते. “इथं पट्टी टिकायची नाही, सर. ही नळी हलायसाठीच आहे,” असे म्हणत मिस्त्रींनी फुटलेला भाग कापला आणि तालुक्याहून नवी लवचीक नळी मागवून जोडली. चार तास गेले. तोवर मोकळ्या हवेत दोघांची डोकी उतरली होती. निघताना त्यांनी बजावले : पुन्हा असा आवाज आला, तर सगळ्या काचा उघडा, मागचे झाकण मात्र बंद ठेवा, आणि जवळची जागा पाहून थांबा. चालत्या गाडीमागे दाब कमी असतो; मागचे झाकण उघडे राहिले, तर धूर उलट आत ओढला जातो. हा धडा आम्ही एरवी बर्नूलीच्या नावाने शिकवतो.

वर्गात यातले बरेच करता येईल. रिकाम्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरून फुंकावे आणि सूर कसा बदलतो ते पाहावे. एक फुगा फोडावा आणि एक सैल सोडावा. ऑक्टेनचे समीकरण सोडवून पाणी किती ते मुलांना काढू द्यावे. थंडीच्या सकाळी उभ्या गाडीच्या नळीतून ठिबकणारे थेंब दाखवावेत, लांबूनच.

एक शेवटची गोष्ट. विजेवर चालणाऱ्या मोटारींना ही नळीच नसते. त्या इतक्या शांत चालतात, की अंध व्यक्तींना व पादचाऱ्यांना त्या येताना कळत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून अशा नव्या मॉडेलच्या मोटारींना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले. सव्वाशे वर्षे आवाज कमी करण्यात घालवल्यावर थोडा आवाज परत आणावा लागला. आम्हाला घाटात आवाज नकोसा झाला होता आणि आम्ही काचा लावल्या होत्या. तो काय सांगतो आहे, हे आधी ऐकायला हवे होते.